जैसलमेरमध्ये खोली घेताना

जैसलमेरच्या किल्ल्यात, बुरुजाला लागून असलेली खोली हजार-बाराशे रुपयांत मिळते. दिवाळी आणि नाताळची गर्दी टाळली तर कधी त्याहूनही कमीत. खिडकी उघडली की खाली सगळं पिवळं गाव आणि त्यापलीकडे वाळवंट. राजवाड्यातली हॉटेलं आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची असतात, पण किल्ल्यात झोपणं खिशाला परवडतं, अशा जागा देशात फार नाहीत. त्यामुळे एवढ्या लांब जायचंच तर किल्ल्यातच राहू, असं प्रत्येकाला वाटतं. मला कुणी विचारलं तर मी वेगळं सांगते. किल्ल्यात दिवसभर फिरा, जेवा, खरेदी करा, तिथलाच गाईड घ्या. रात्रीची खोली मात्र खाली गावात घ्या.

हे कळलं ते आईमुळे. आई सोलापूरची, पंचाहत्तरीला आलेली, गुडघ्यांची तक्रार कायमची. तिला वाळवंट बघायचं होतं. माझ्या पगारात आणि तिच्या पेन्शनमध्ये बसेल अशी सहल आखायची, म्हणून एका रविवारी दुपारी मी मोबाइलवर हॉटेलं बघत होते आणि तिला मोठ्याने वाचून दाखवत होते.

"हे बघ, किल्ल्यातच आहे. गच्चीवरून सगळं दिसतं म्हणे. खोलीत अटॅच बाथरूम, चोवीस तास गरम पाणी."

"एवढ्या उंचावर चोवीस तास पाणी?" आईने चष्मा कपाळावर सरकवला. "कोण चढवतं गं?"

"पंप असेल की."

"बरं. आणि उतरतं कुठनं?"

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पिंप कधी भरायचं, धुण्याचं पाणी झाडांना कसं वळवायचं, कोणत्या बादलीतलं पाणी कशासाठी, यातच तिची सगळी हयात गेली. त्यामुळे तिला जे पहिल्यांदा सुचलं ते हॉटेलांच्या शेकडो अभिप्रायांत मला कुठे दिसलं नाही. नाश्ता, वाय-फाय, गादी, मालकाचा स्वभाव, सगळ्यावर लोकांनी लिहिलं होतं. सांडपाण्यावर कुणीच नाही. मग मी वाचत सुटले.

रावळ जैसल या भाटी राजपूत राजाने ११५६ मध्ये आपली राजधानी लोद्रव्याहून इथे आणली. लोद्रवा सपाटीवर होतं, लुटारूंना मोकळं होतं. जवळच त्रिकूट नावाची, जेमतेम अडीचशे फुटांची टेकडी होती. तिच्यावर त्याने किल्ला बांधला. आज दिसणाऱ्या ९९ बुरुजांपैकी ९२ बुरुज बऱ्याच नंतरचे, १६३३ ते १६४७ या काळातले. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे इथूनच जात, त्यांच्या जकातीवर आणि सावकारीवर गाव श्रीमंत झालं. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रामार्गे जायला लागला, तशी इथली पेढ्यांची घरं ओस पडत गेली. उरलंसुरलं १९४७ च्या सीमेने संपवलं. गावाचा तो सुकाळ ज्या हवेल्यांत गोठून राहिला त्या बघायला आज आपण जातो, आणि त्या ओस पडण्यात आपल्या मुंबईचाही हात आहे, हे मला जाण्याआधी माहीत नव्हतं.

पण मुद्दा पाण्याचा. जैसलमेरला वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सोलापूर त्याच्यापुढे ओलं म्हणायचं. गाव शेकडो वर्षं जगलं ते गडीसर तलावावर. किल्ल्यात विहिरी होत्या, त्यातली जैसलू विहीर श्रीकृष्णाने सुदर्शन चक्राने खणली अशी तिथली श्रद्धा. पण रोजचं पाणी बायकांनी डोक्यावर घडे घेऊन, चढण चढून वर आणायचं. डोक्यावरून आणलेलं पाणी कुणी सांडत नाही. आंघोळीला तांब्याभर, भांडी राखेने किंवा वाळूने घासायची, उरलेलं जनावराला. सांडपाणी असं जवळजवळ नव्हतंच. घरंही त्या हिशेबानेच बांधलेली. दगड इतका नेमका तासलेला की चुना न वापरता एकात एक बसायचा, गरज पडेल तिथे लोखंडी पट्टीने जोडायचा. छपराला लाकूड, त्यावर मातीचा जाड थर. कोरड्या हवेत हे बांधकाम शतकानुशतकं उभं राहिलं.

आणि टेकडी? आपल्याला सह्याद्रीची सवय. गड म्हटला की काळा कातळ, त्यात खोदलेली टाकी, वर्षभर पाणी साठवून ठेवणारी. त्रिकूट तसा नाही. तो गाळाचा खडक आहे, वर पिवळा दगड आणि खाली शेलचे, चिकणमातीचे थर. ही माती कोरडी असते तोवर दगडासारखी कडक. पाणी मुरलं की भिजत घातलेल्या डाळीसारखी फुगते, मग वरचा सगळा भार तिच्यावरून सरकायला लागतो.

घरोघरी नळ आले ते चांगलंच झालं. बायकांच्या माना मोकळ्या झाल्या, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण पाणी चढवण्याची सोय जितक्या तत्परतेने झाली तितकी उतरवण्याची झाली नाही. मग पर्यटन वाढलं, घरांची गेस्ट हाऊसं झाली, खोलीगणिक फ्लशचा संडास आणि शॉवर आला. गल्लीतली उघडी गटारं घड्यांच्या काळातली, त्यांना हा लोंढा झेपणार कसा? पाणी पायात मुरत राहिलं. १९९३ च्या मोठ्या पावसानंतर पडझड झाली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६ मध्ये धोक्यातल्या वास्तूंची आपली पहिली यादी काढली, तिच्यात जैसलमेरचा किल्ला होता. १९९८ आणि २००० च्या यादीतही तो होता. राणीच्या महालाची डागडुजी झाली, नवी गटारयोजना आली, तिच्यातूनही गळती झाली. २०१३ मध्ये राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाच्या भिंतीचा एक भाग पुन्हा कोसळला.

इतकं वाचल्यावर किल्ल्यातली खोली घ्यायचं मन होईना. आई म्हणाली, "आपण दोघी चार दिवस नाही न्हालो तर किल्ला वाचणार आहे थोडाच? पण खाली राहिलो तर आपलं काही बिघडतंय का, ते बघ." मला हा हिशेब पटला. तिथे राहणाऱ्या माणसाला पाणी वापरण्यावाचून गत्यंतर नाही. मला आहे. टेकडीच्या खाली, सपाटीवर, मला तितक्याच पैशात खोली मिळते.

खाली म्हणजे कुठे, हे मात्र नीट बघावं लागतं. जैसलमेरला दोन तटबंद्या आहेत. एक टेकडीवरच्या किल्ल्याची, दुसरी पायथ्याच्या गावाभोवतीची. या बाहेरच्या तटाचे काही भाग आणि गडीसर, अमरसागर असे दरवाजे अजून आहेत. या दोन तटांच्या मधलं गाव राहायला सगळ्यांत उत्तम. पटवांच्या हवेल्या, नथमलची हवेली, सालिमसिंगची हवेली, सगळं पायी जाण्याच्या अंतरात. बाजार दाराशी. आणि गच्चीवर गेलं की समोर अख्खा किल्ला. किल्ल्यात राहणाऱ्याला किल्ला दिसतच नाही, त्याला गाव दिसतं. तो सोन्यासारखा पिवळा पडतो म्हणतात तो बघायला खालीच असावं लागतं. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीनेही हेच सोयीचं होतं. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत वळणावळणाची चढण चढावी लागते, आणि फरशी शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. सामान घेऊन ते रोज दोनदा करायचं नाही.

आता पैशांचं. जैसलमेरमध्ये खोल्या इतक्या स्वस्त का, याचं उत्तर उंट आहे. बऱ्याच हॉटेलवाल्यांची खरी कमाई खोलीत नसते, सम किंवा खुडीच्या वाळूत नेणाऱ्या सफारीत असते. पाचशे रुपयांची खोली बघून हरखून जाऊ नये. पोचल्यावर चहाच्या आधी सफारीचं विचारतात, आणि तुम्ही नको म्हणालात किंवा बाहेरून ठरवली की गरम पाण्याचा गीझर बिघडतो, असं घडल्याचं मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. म्हणून मी बुकिंगच्या आधी फोन केला. साइटवर जी खोली दिसली त्या हॉटेलचा नंबर शोधून थेट बोललं की दोन गोष्टी होतात. दर बहुतेकदा कमी होतो, आणि माणूस कसा आहे ते आवाजावरून कळतं.

"भैया, सफारी हम आपसे नहीं लेंगे, तो भी कमरा इसी रेट में मिलेगा ना?"

पहिल्या दोघांनी "आप आइए तो सही मॅडम" म्हणत विषय टाळला. तिसरा म्हणाला, "कमरे का कमरा है, सफारी का सफारी. माताजी साथ हैं तो नीचेवाला कमरा रखता हूँ." तिथेच ठरलं. माताजी हा शब्द मी काढलाच नव्हता. मघाशी मागून आलेला आईचा आवाज त्याने ऐकला असावा.

त्याला मी आणखीही विचारलं. सांडपाणी कुठे जातं, गच्चीवर जायचा जिना किती उभा, खोलीला बाहेरची खिडकी आहे की चौकात उघडणारी, गाडी दारापर्यंत येते का. जुन्या घरातल्या खोल्यांना अनेकदा बाहेर खिडकी नसते. उन्हाच्या तडाख्यापासून वाचायला घर आतल्या चौकाकडे तोंड करून बांधलेलं असतं. आपल्याला ते कोंदट वाटू शकतं, पण दुपारी दगड गार असतो आणि पंख्यावर भागतं. एसीचे जास्तीचे पैसे ऑक्टोबर ते मार्च या काळात तरी वाया जातात. थंडीत उलट रजया दोन मागून घ्याव्यात, रात्री पारा चांगलाच उतरतो. कराचंही विचारून घ्यावं. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, जुना दर लावलेला दिसला तर तसं सांगावं.

काळ निवडण्यात सगळ्यांत जास्त पैसे वाचतात. दिवाळीच्या आठवड्यात अर्धा गुजरात तिथे असतो, नाताळ ते नववर्ष दर दुप्पट-तिप्पट होतात. माघ महिन्यात पौर्णिमेच्या आधी मरु महोत्सव भरतो, तो बघायचा असेल तर खोली फार आधी धरावी लागते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा शेवट आम्हाला बरा वाटला. उन्हाळ्यात खोल्या कवडीमोलाने मिळतात, पण पंचाहत्तरीच्या बाईला पंचेचाळीस अंशांत नेऊ नये. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेस जोधपूरला सोडते, पुढे जैसलमेरपर्यंत पाच-सहा तास रेल्वेनेच. स्लीपरमध्ये बाहेरचं रान हळूहळू विरळ होत जाताना दिसतं, खेजडीची झाडं, मग झुडपं, मग नुसती वाळू आणि पवनचक्क्या.

किल्ला आम्ही सावकाश पाहिला. सकाळी लवकर चढायचं, दशहरा चौकात बसायचं, जैन मंदिरं दुपारी बंद व्हायच्या आत बघून घ्यायची. ती बाराव्या ते सोळाव्या शतकातली, तळघरात ताडपत्रांच्या पोथ्यांचा भांडार आहे. मूर्तींवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी दुसरंच काही बघत होते. व्यास पाड्यातून तटाच्या कडेने जाताना एका घराच्या जोत्यापाशी आई थांबली. दगडाचा खालचा हात-दीड हात उंचीचा पट्टा काळपट, ओला. त्याच्या वर पांढरा क्षार फुललेला. तिने बोटाने हलकेच खरवडलं तर पिवळी भुकटी पडली. "लोणा लागलाय," ती म्हणाली. कोपऱ्यात, जिथे पाइपाचा सांधा गळत होता, तिथे हिरवं शेवाळ होतं. वाळवंटाच्या मध्यावर, पाऊस होऊन महिने लोटलेले असताना.

तिथून माझ्या मनात पन्हाळा सुरू झाला. आपल्याकडेही वस्तीचा गड आहे, नगरपरिषद आहे, लॉज आहेत, झुणका-भाकरीची केंद्रं आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही जागतिक वारसा झाला. आता तिथे खोल्या वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पन्हाळ्याचा खडक वेगळा, वर जांभा आणि खाली बेसाल्ट, आणि पाऊस जैसलमेरच्या कितीतरी पट. तरी २०२१ च्या जुलैत पन्हाळ्यावर जायचा मुख्य रस्ता खचला होता ते विसरून चालणार नाही. वारसा म्हणून पाटी लागली की पाहुणे येतात, पाहुण्यांना शॉवर लागतो. ते पाणी कुठे जाणार याचा विचार खोल्या बांधण्याच्या आधी व्हायला हवा. जैसलमेरने तो उलट्या क्रमाने केला आणि अजून निस्तरतो आहे.

किल्ल्यातल्या माणसांना मात्र मी दोष देऊ शकत नाही. तीनेक हजार लोक तिथे राहतात, पिढ्यान्‌पिढ्या. बहुतेक ब्राह्मण आणि राजपूत कुटुंबं, कधीकाळी राजाच्या चाकरीतली. राजा गेला, व्यापार गेला, शेती कधी नव्हतीच. मग घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना दिल्या तर त्यांचं काय चुकलं? म्हणून आम्ही ठरवलं होतं की झोपण्याचे सोडून बाकी पैसे किल्ल्यातच खर्च करायचे. गाईड किल्ल्यात जन्मलेला घेतला. आईने लहान नातीसाठी कशिद्याची पिशवी चौकातल्याच बाईकडून घेतली. आणि जेवायला रोज एका घरगुती खानावळीत जायचो, चार टेबलं, वर गच्ची. केर-सांगरी, बाजरीची भाकरी, वर तूप. केर-सांगरी म्हणजे वाळवलेली रानफळं आणि खेजडीच्या शेंगा. भाजी नसलेल्या मुलखाने शोधलेली भाजी. आईने ती परत परत मागून घेतली.

तिथली घरची बाई आईच्याच वयाची. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे चांगलं जमलं. आईने पाण्याचा विषय काढलाच.

"पहले गडीसर से लाते थे?"

"मेरी सास लाती थी. मैं ब्याह के आई तब नल आ गया था, पर आता था थोड़ा. सास फिर भी जाती. बोलती थी नल का पानी फीका है." तिने हाताने डोक्यावरच्या दोन घड्यांची उंची दाखवली. आईने कमरेवरच्या कळशीची जागा दाखवली.

मग मी, जरा भीतभीत, विचारलं, की आम्ही खाली राहतो, किल्ल्याला पाण्याचा त्रास आहे म्हणून. हे तिला कसं वाटतं?

तिला ते फारसं आवडलं नाही. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "किला हमारा भी है बेटा. हमको चिंता नहीं है क्या? नाली सरकार को ठीक करनी है. नाली ठीक नहीं होती, तो बोलते हैं मेहमान कम करो. मेहमान कम होंगे तो मेरा बेटा क्या करेगा? जोधपुर जाएगा, फिर घर कौन देखेगा? खाली घर जल्दी गिरता है."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. रिकामं घर लवकर पडतं हे कोकणातल्या कुठल्याही गावाला विचारा. जिथे माणसं राहतात तिथेच छपराची माती दरवर्षी लिंपली जाते, निखळलेला दगड कुणाच्या तरी लक्षात येतो. किल्ला माणसांसकट राहायला हवा, त्याचं संग्रहालय होता कामा नये. त्यासाठी गटार नीट व्हायला हवं, आणि ते माझ्यासारखीच्या हातात नाही. माझ्या हातात फक्त माझं आंघोळीचं पाणी आहे. तेवढं मी खालीच वापरलं. पुन्हा गेले तर खोली त्याच "कमरे का कमरा" म्हणणाऱ्या भल्या माणसाकडे घेईन आणि दोन्ही वेळा जेवायला चार दरवाजे चढून तिच्याकडे जाईन. तिचा मुलगा आता गच्चीवर आणखी दोन टेबलं टाकायचं म्हणतोय. खोल्या नकोत, नुसती टेबलंच टाक, असं आईने त्याला परस्पर सांगून टाकलंय.